एकाच देवकाचे नवराबायको

डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी मला बरंच काही बंद केलं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, गॅसपाशी जायचं नाही, टीव्ही नाही, वाचन नाही. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण अक्षर दिसलं की वाचायचं ही सवय तेव्हापासूनची आहे. पेपर तर वाचतेच, शेंगदाणे बांधून आलेला कागदही वाचते. आता काळा चष्मा लावून भिंतीकडे बघत बसायचं, आणि ती भिंतही धड दिसत नव्हती.

नात म्हणाली, "मी वाचून दाखवते की."

नात तेव्हा माझ्याजवळ राहायची. मुलगा आणि सून बार्शीला असतात, मुलगा तिथं धान्याच्या अडतीवर कामाला आहे. नात कॉलेजसाठी म्हणून सोलापुरात माझ्याकडे आली, शिकून झाल्यावर नवी पेठेत चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला लागली आणि राहिलीच. पोरगी कामाची, पण बोलणं कमी. मीही बडबडी नाही. दोघींचं बरं चाललं होतं.

तिनं काढलेलं पुस्तक जपानी चित्रांचं होतं. त्याला मांगा म्हणतात. असली पुस्तकं तिच्याकडे खोकं भरून आहेत, उरलेली मोबाईलमध्ये. तिनं पुस्तक शेवटाकडून उघडलेलं एवढं मला अंधुक दिसलं. मी म्हणाले, उलटं धरलंयस. ती म्हणाली, हे उजवीकडूनच वाचायचं असतं. आमच्या गल्लीतल्या मुसलमान पोरी उर्दूची पुस्तकं अशीच उघडतात, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. पुस्तक इंग्रजीत होतं. ती आधी चित्र सांगायची, मग कोण काय म्हणालं ते मराठीत करून सांगायची.

गोष्ट अशी. एक बाई पोस्टात कामाला. लग्नाचं वय उलटून गेलेलं. तिला माणसं आवडतात, पण नवराबायकोत जे असतं ते नको आहे. पुरुषाकडून नको, बाईकडूनही नको. दुसरा एक माणूस, शाळेतल्या पोरांसाठी स्वयंपाक करणारा. त्याला पुरुष आवडतात. दोघं एका इमारतीत राहतात, एकमेकांकडे भाजी पोचवतात, आणि एक दिवस ठरवून लग्न करतात. खोल्या दोन, अंथरुणं दोन. रविवारी मिळून बाजाराला जातात. पुढं पानंच्या पानं हेच. तो मुळा चिरतो, ती खिडकी पुसते.

"ह्यात गोष्ट कुटं हाय?" मी विचारलं.

"हीच गोष्ट आहे."

"भांडान न्हाय, सासू न्हाय?"

"सासू आहे की. पुढच्या भागात येते. नातू कधी देणार म्हणून विचारते."

"मंजी जपानात बी तसलंच हाय."

नात हसली. मी विचारलं, "पर लगीन कशाला केलं त्यांनी? शेजारी तर व्हतेच की."

"शेजाऱ्याला दवाखान्यात आत सोडत नाहीत आज्जी. भाड्यानं घर मागायला गेलं तर पहिलं विचारतात, फॅमिली आहे का. आणि एकटीला घरचे सोडतात का सुखानं?"

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर तिनं तीच गोष्ट पुन्हा सुरू केली. मी म्हणाले, ही झाली की काल. ती म्हणाली, परत ऐक. मी ऐकली. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली तेव्हा तिनं माझी मान मागं केली, थेंब घातला आणि माझे डोळे मिटलेले असतानाच म्हणाली, "आज्जी, मी त्या पोस्टातल्या बाईसारखी आहे."

"कशी?"

"तशीच. मला ते नकोच असतं. कॉलेजात सगळ्या पोरी बोलायच्या, मला वाटायचं आपलं पण होईल कधीतरी. नाही झालं. होणार पण नाही."

त्याला इंग्रजीत एक शब्द आहे, असेक्शुअल. तो तिनं सांगितला आणि तसली माणसं जगात पुष्कळ आहेत असंही सांगितलं. मला धक्काबिक्का बसला नाही. माझं आयुष्य बायकांत बसून गेलं. नवऱ्याला कंटाळलेल्या बायका मी गोणीनं बघितल्या आहेत. पण नातीचं ते नव्हतं, तिला कुणाचा रागही नव्हता आणि कुणाची भीतीही नव्हती. एखाद्याला गोड खावंसंच वाटत नाही, तसं ती सांगत होती. माझं स्वतःचं म्हणाल तर माझा नवरा वाईट नव्हता. एक मुलगा झाला, पुढं काही झालं नाही. ह्याहून जास्त सांगायला मी बांधलेली नाही.

"मग नगं करूस लगीन," मी म्हणाले.

"पप्पा ऐकतील?"

ऐकणार नव्हता, हे मला माहीत होतं. बार्शीत त्यानं एक स्थळ बघून ठेवलं होतं. खताचं दुकान, घरचं शेत, एकुलता एक. पाहणीचा दिवस ठरवायचा म्हणून तो माझा डोळा बरा व्हायची वाट बघत होता. त्या घरात गेल्यावर ह्या पोरीला रोज काय सोसावं लागेल, ते कळायला मला इंग्रजी शब्दाची गरज नव्हती.

काळा चष्मा निघाला त्या आठवड्यात मुलाचा फोन आला. नातीनं बापाला सांगितलं, मला बार्शीचं स्थळ नको. बाप म्हणाला, कारण सांग. ती म्हणाली, माझ्या मनात एक मुलगा आहे. मग त्यानं फोन मला द्यायला सांगितला.

"आई, तुज्याजवळ ठिवून पोरगी बिगडली."

"बिगडली न्हाय. डोळे तपासती."

"इनोद करू नगंस. कोण हाय त्यो?"

"मला काय म्हाईत? बघू दे की आदी."

"कोणत्यातला हाय ते तर इचार!"

विचारलं. आमच्यातलाच निघाला. ते ऐकून माझ्या मुलाचा अर्धा राग तिथंच उतरला. उरलेला अर्धा उतरायला वेळ लागेल असं दिसत होतं.

फोन ठेवल्यावर मी नातीला म्हणाले, "कालपतूर तर कुणीच नगं व्हतं."

ती म्हणाली, "त्या गोष्टीतला स्वयंपाकी आठवतो का? तसला आहे."

तो पोरगा रविवारी जेवायला आला. टॉवेलच्या कारखान्यात काम करतो, टॉवेलवर जी फुलंपानं विणतात ती कॉम्प्युटरवर काढायचं काम. चष्मा करायला म्हणून दुकानात आला होता, नंबर तपासताना नातीला त्याच्या पिशवीतही तसलंच उलटं पुस्तक दिसलं, तिथून ओळख. दिसायला बरा, जरा वाकून चालणारा. जेवताना त्यानं आमटी दोनदा मागून घेतली. ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

मी सरळ विचारलं. "तुला बायका नगं वाटत्यात म्हणं."

नात म्हणाली, "आज्जी!"

तो म्हणाला, "असू दे. हो आज्जी. मी गे आहे."

"तुजं हाय का कुणी?"

"होता. पुण्याला गेला. त्याच्या घरच्यांनी लग्न लावून दिलं त्याचं. त्याच्या बायकोला काहीच माहीत नाही."

"आन तुला तसं करायचं न्हाय."

"नाही. मला कुणाला फसवायचं नाही."

"तुमी दोगं एकमेकाला फसवत न्हाय, कबूल. मग फसवताय कुणाला?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग तो म्हणाला, "बाकी सगळ्यांना." खोटं न बोलता बोलला, ते मला बरं वाटलं.

"उद्या तुजं कुणावर मन बसलं तर?"

"ते आम्ही बोललोय," नात म्हणाली. "त्यानं मला सांगायचं. घरी आणायचं असेल तर आणायचं. घर दोघांचं राहील."

"आन तू म्हातारी झाल्यावर ह्यो पळून गेला तर?"

"नवरे तसेही पळून जातात की आज्जी," तो पोरगा म्हणाला. मला हसू आलं. मी त्याला आणखी भात वाढला.

मी मुलाला कळवलं, पोरगा चांगला आहे, नोकरी आहे, दारू नाही. माझा मुलगा म्हणाला, "ते समदं ऱ्हाऊ दे. आदी देवक बघा."

शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्यात प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं. कुणाचं एखादं झाड, कुणाचं मोरपीस, कुणाचं आणखी काही. लग्नात आधी ते आणून बसवतात, मगच पुढचं कार्य. ज्यांचं देवक एक ती माणसं एका रक्ताची धरतात. देवक एक निघालं तर मुलगा-मुलगी भाऊबहीण झाली, लग्न मोडलं. पैसा, शिक्षण, पत्रिका ह्यातून वाट काढतात लोक, देवकातून काढत नाहीत. आमचं देवक उंबर. उंबराचं लाकूड आम्ही जाळत नाही, त्याच्या पानावर पाय देत नाही.

त्या पोराच्या वडिलांना विचारलं तर ते म्हणाले पंचपालवी. म्हणजे पाच झाडांची पानं मिळून एक देवक. उंबर आणि पंचपालवी, वेगळी देवकं. माझ्या मुलाचं समाधान झालं. तो बार्शीहून आला, पोराला बघितलं, टॉवेलचे भाव विचारले, पोराच्या वडिलांबरोबर गच्चीवर जाऊन शेताच्या गोष्टी केल्या, आणि सुपारी फुटली. खतवाल्यांना त्यानं काय कारण दिलं ते मी विचारलं नाही.

त्या पोराची आजी गावाकडे धाकट्या मुलाजवळ राहते. मंद्रूपच्या पुढं त्यांचं गाव. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. गुडघ्यांमुळे ती सुपारीला आली नव्हती. मला वाटलं आपण जाऊन यावं. आमच्या वेळी मुलीकडचं मोठं माणूस घर बघून यायचं, चूल बघायचं, पाणी कुठून आणतात ते बघायचं. आता पोरगी काही त्या गावात नांदणार नव्हती, तरी गेले.

ती अंगणात बाजेवर बसली होती. माझ्याहून मोठी, हाडापेराची, आवाज खणखणीत. चहा झाला. मागच्या अंगाला तिची सून न्हाणीचं पाणी तापवायचं चुलवाण पेटवत होती. सून कर्नाटकातली, म्हातारी तिच्याशी अर्धं मराठीत अर्धं कानडीत बोलत होती. एकाएकी म्हातारी तिथूनच ओरडली, "ए बया! काय घातलंस त्यात? उंबराचं हाय ते! काढ आदी भाईर!"

सुनेनं धुमसणारं लाकूड ओढून बाहेर टाकलं.

उंबर दत्ताचं झाड, म्हणून पुष्कळ लोक जाळत नाहीत. म्हणून मी सहज विचारलं, "दत्ताचं करता का तुमी?"

"दत्ताचं न्हाय. देवक हाय आमचं."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. "तुमचं देवक तर पंचपालवी हाय म्हणं."

"कोण म्हन्तंय?"

"तुमचा ल्योक."

"त्याला काय म्हाईत हाय!" ती म्हणाली. "थोरल्या नातीचं लगीन सोलापुरात कार्यालयात केलं. मी तवा दवाखान्यात. कार्यालयवाल्याचा मानूस आला, पाच पानांची जुडी आनून ठिवली त्यानं. त्यो समद्यास्नी तीच देतो. ह्यानला वाटलं हेच आपलं देवक. तवाधरनं पंचपालवी. मी मागनं सांगितलं, तर म्हन्तो, आई आता झालं की लगीन, कशाला उकरून काढतीस."

म्हणजे असं झालं होतं. ज्यांना आपलं देवक माहीत नव्हतं त्यांनी कार्यालयवाल्याचं देवक घेतलं होतं, आणि त्याच्या जोरावर माझ्या नातीची सुपारी फुटली होती. खरं बघायचं तर ही दोघं एका देवकाची. माझ्या मुलाला हे कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी नारळ परत पाठवला असता आणि खतवाल्याच्या दारात जाऊन बसला असता. आणि नात त्याच्यापुढं किती दिवस टिकली असती ते मला सांगता येत नाही.

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "तुमचं कंचं?"

खोटं सांगायचं माझ्या मनात आलं. मोरपीस म्हणावं आणि उठावं. पण लग्नात आमचं उंबर सगळ्यांसमोर येणारच होतं.

"उंबरच," मी म्हणाले.

मग सुनेला काहीतरी काम सांगून तिनं दुकानाला पाठवलं. सून फाटकाबाहेर गेल्यावर म्हणाली, "बाय, मोडलं तर मोडू दे. एका परी बरंच हाय. तुला एक सांगायचं व्हतं, सांगू का नगं करत व्हते. आमच्या पोराला बायकांची वढ न्हाय. ल्हानपनापास्नं बगतीया मी. त्याच्या बापाला दिसत न्हाय, आईला दिसतंय पर ती बोलत न्हाय. तुजी पोर फसंल."

"न्हाय फसत. तिला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"त्यानंच सांगितलंय. मला बी सांगितलंय, माज्या घरी जेवताना."

म्हातारी बाजेवर सरळ झाली. "आन तरीबी करती?"

"म्हनून तर करती. तिला बी ते नगं हाय. कुणाकडनंच नगं. दोन खोल्या घेणार हायत, हिची येक, त्याची येक."

मी तिला जेवढं मला समजलं होतं तेवढं सांगितलं. जपानी पुस्तकाचं सांगितलं नाही, ते लांबलं असतं. तिनं मधे दोनदा "व्हय?" विचारलं. मग तोंडाला पदर लावून हसली.

"म्हंजी ह्यांचं काय बी हुणार न्हाय."

"न्हाय."

"पोरबाळ?"

"न्हाय."

"म्हंजी भाऊ-भनच की गं ती."

"भाऊ-भनच."

"मग देवक येक निगालं ते काय खोटं न्हाय," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. पण हसणं थांबल्यावर तिचा चेहरा बदलला. "पर भाऊ-भनीचं लगीन लावायचं कसं, बाय?"

हाच प्रश्न होता, आणि तो आम्ही दोघींनीच सोडवायचा होता. दुसऱ्या कुणाला विचारता येत नव्हतं. मी माझं डोकं चालवलं ते असं. एका देवकाचं लग्न का करत नाहीत? एका रक्तात पोरं होऊ नयेत म्हणून. इथं पोरं होणार नाहीत, एक अंथरूण होणार नाही. मग देवकाचा नियम मोडतो कुठं? मोडतो तो लोकांच्या डोळ्यांपुढं. देवकाच्या पुढं मोडत नाही. हे मी तिला बोलून दाखवलं.

तिला ते पटलं, पण ती दुसऱ्याच गोष्टीवर अडली. "त्ये ठीक हाय. पर पुन्ना ती कार्यालयवाल्याची पानं मांडनार. येकदा चुकून झालं, त्याला इलाज न्हाय. आता मला म्हाईत असताना माज्या नातवाच्या लगनात माजं देवक भाईर ठिवायचं? मी मेल्यावर काय तोंड दाखवू?"

"दोन्हीकडनं उंबर आलं तर माजा ल्योक मांडवातनं पोरीला उठवून न्हील."

"नेऊ दे. खरं ते खरं."

तिच्या बाजूनं ती बरोबर होती. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हणाले असते. चुलवाणातून काढलेलं ते लाकूड अंगणात अजून धूर सोडत होतं. तिनं उठून त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि ओततानाच म्हणाली, "पंचपालवीत कंची पानं असत्यात गं?"

"आंबा, जांभळ, वड, पिंपळ..." मी म्हणाले आणि थांबले.

"आन उंबर," ती म्हणाली.

"उंबर असतंय."

"कार्यालयवाला घालतो का?"

"त्यो कशाला घालंल? त्याला हाताला लागंल त्ये घालतो."

"मग उंबर मी आणते," म्हातारी म्हणाली. "बाकीची चार लोकास्नी."

मी निघताना तिनं माझ्या पिशवीत कडधान्य घातलं आणि ती फाटकापर्यंत आली. गुडघे दुखत असताना आली. वाटेत म्हणाली, "तुजी नात सैपाक करती का?"

"करती. पर त्यो चांगला करतो म्हनं."

"करनारच. मीच शिकवलाय."

लग्न सोलापुरातच एका कार्यालयात झालं. आता देवक बसवणं, हळद, लग्न सगळं एकाच दिवशी उरकतात. सकाळी आमच्या बाजूला माझ्या मुलानं आणि सुनेनं उंबराची डहाळी आणून बसवली. पलीकडे मुलाकडच्यांचं चाललं होतं. कार्यालयाचा माणूस जुडी घेऊन आला. मी मुद्दाम जाऊन बघितली. आंबा होता, अशोकाची पानं होती, पेरूचं एक पान होतं, आणखी दोन कसलीतरी होती. जांभूळ, वड काही नव्हतं. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "आज्जी, पाच असल्याशी कारण."

त्या पोराची आजी रिक्षातून उतरली ती काखेत पिशवी घेऊन. ओल्या फडक्यात गुंडाळलेली उंबराची फांदी, बरीच मोठी. तिनं कुणाला न विचारता जुडी सोडली, पेरूचं पान काढून खिडकीत ठेवलं आणि त्या जागी उंबर खोचलं. फांदी एवढी होती की बाकीची चार पानं तिच्यामागं झाकली गेली. मी तिला डोळ्यानं खुणावलं, लहान कर. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.

माझा मुलगा तेवढ्यात व्याह्याला भेटायला म्हणून तिकडे गेला. मी मागोमाग गेले. तो देवकापुढं हात जोडून उभा राहिला आणि उभाच राहिला.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यांच्यात उंबर कसं?"

"पंचपालवी हाय की. पाचातलं येक उंबर असतंय."

"पर हे तर समदं उंबरच दिसतंय."

"मागं बघ की. आंबा हाय, अशोक हाय."

त्यानं वाकून बघितलं. त्या पोराची आजी खाली बसून सुपाऱ्या मांडत होती. ती वर न बघता म्हणाली, "पाव्हनं, गावाकडचं उंबर हाय, म्हनून मोटं हाय. शेरातली पानं बारकी निगत्यात."

माझा मुलगा अडतीवर वाढलेला. मूठभर ज्वारी हातावर घेऊन पोत्यात काय आहे ते सांगतो. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मांडवाच्या त्या टोकाला नात हळद लागलेल्या तोंडानं त्या पोराच्या कानात काहीतरी सांगत होती आणि तो हसून हसून खुर्चीवरून घसरायला आला होता. मुलानं तेही बघितलं. मग म्हणाला, "जेवनाचं बगतो," आणि गेला.

लग्न लागलं.

नातीला मी हे सगळं नंतर सांगितलं, त्यांनी घर मांडल्यावर. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती चिडली. म्हणाली, "तुम्ही दोघी बाजेवर बसून माझं लग्न ठरवणार, मोडणार, परत जोडणार. मला एक फोन करता आला नाही?"

"फोन केला असता तर काय केलं असतंस?"

"तेच केलं असतं. पण मी केलं असतं. आणि त्याचं जे आहे ते त्यानं सांगायचं. त्याची आजी सांगून टाकते, तू तिला माझं सांगतेस."

त्याची आजी त्याचं सांगून मोकळी झाली होती, त्याला मी काय करणार होते? पण नातीचं मी सांगितलं, हे खरं. मी म्हणाले, न सांगता ती म्हातारी ऐकलीच नसती. नात म्हणाली, ते वेगळं. आमचं ते तिथंच राहिलं. अजूनही ती बरोबर आहे असं मला वाटतं, आणि अजूनही वेळ आली तर मी तेच करीन. ह्या वेळी लिहायच्या आधी मात्र दोघांना विचारलं आहे. त्यानं हो म्हटलं. तिनं लिहिलेलं आधी वाचून घेतलं आणि दोन ठिकाणी खोडलं. माझा मुलगा बाजारभाव सोडून काही वाचत नाही.

त्यांचं घर बरं आहे. खोल्या दोन. तो भाजी चांगली करतो, पण भांडी फार काढतो, त्यावरून वाजतं. ती कपडे दिवसेंदिवस तारेवरच ठेवते, त्यावरून वाजतं. त्याच्याकडे एक मित्र येतो, अक्कलकोटचा, शिक्षक आहे. तो आला की तिघं जेवतात, मग नात आपल्या खोलीत जाऊन तिची पुस्तकं वाचत पडते. शेजारीण मला जिन्यात गाठून विचारते, काही गोड बातमी? मी म्हणते, तुमच्या गुडघ्याचं काय झालं? बाई गुडघ्यावर घसरते.

बार्शीहून मुलगा मुक्कामाला यायचा असला की हे दोघं एका खोलीतली गादी दुसऱ्या खोलीत नेतात आणि रिकाम्या खोलीत त्याची सोय करतात. मागच्या वेळी त्यांची गडबड झाली. तो सांगितल्यापेक्षा आधीच्या गाडीनं आला. दोन्ही खोल्यांत दोन गाद्या तशाच घातलेल्या, एकीवर नातीची पुस्तकं, दुसरीवर त्या पोराचे कपडे. माझ्या मुलानं दोन्ही दारांतून आत बघितलं, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि विचारलं, "मी कुटं झोपू?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. तो म्हणाला, "आई, पोरगी खूश दिसती."

"हाय."

"त्यो बी बरा हाय."

"बरा हाय."

त्याला पुढं काहीतरी विचारायचं होतं. मी वाट बघितली. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं, देवकासकट. गाडी लागली, माणसं धावली, त्यानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मग आत चढून खिडकीशी बसला आणि मला म्हणाला, "ऊन झालंय, तू जा आता."